रविवारची झाडलोट

माझ्या दुकानात येणारी निम्मी माणसं "तो प्रोग्राम मी कधीच काढून टाकला" असं छातीठोकपणे सांगतात, आणि त्यांनी फक्त पडद्यावरचं चित्र पुसलेलं असतं. दारावरची पाटी उतरवली की भाडेकरू घर सोडून गेला, असा या मंडळींचा समज. भाडेकरू आत पाय पसरून निवांत बसलेला असतो. मग सहा महिन्यांनी हेच लोक लॅपटॉप काखोटीला मारून येतात, माझ्या टेबलावर ठेवतात आणि तक्रारीच्या सुरात म्हणतात, "स्लो झालाय हो." होणारच. तुम्ही आत बावीस बिऱ्हाडं घातलीत, त्याने काय करावं?

एकवीस वर्षं मी हेच करते आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन टेबलं, डब्यांत निवडून ठेवलेले स्क्रू आणि भिंतीवर मी स्वतः लिहिलेली पाटी: काढायचं तर मुळासकट. नुसतं अनइन्स्टॉल केलं की काम झालं असं मानणारे त्यातल्या त्यात शहाणे. त्यांनाही हे ठाऊक नसतं की प्रोग्राम जाताना उष्टं मागे ठेवून जातो. कुठे एखादं फोल्डर, कुठे आतल्या नोंदवहीत दोन ओळी, आणि सगळ्यांत चोरटं म्हणजे वेळापत्रकात लावलेलं एखादं काम, जे रोज सकाळी उठून गेलेल्या पाहुण्याला परत घरात घेतं. हे सगळं शोधून, वेचून, पुसून, यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं आणि पुन्हा बघायचं. एवढं करायला चिकाटी लागते आणि थोडा संशयी स्वभाव लागतो. माझ्याकडे दोन्ही भरपूर आहे.

गिऱ्हाइकं एक वेळ परवडली, पण घरचे नकोत. मामांनी मोफत म्हणून जे जे दिसलं ते ते घेतलं, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर वरच्या पट्ट्याच एवढ्या झाल्या की खालचं पान चार बोटं दिसायचं. मावशी हवामान बघायला गेली आणि तीन वेगवेगळे सफाईचे प्रोग्राम घेऊन आली. ते तिघे दिवसभर एकमेकांना कचरा ठरवत बसायचे. आणि माझा थोरला भाऊ. त्याच्याविषयी पुढे बोलूच.

या सगळ्यांना पुरून उरायचं म्हणून मी एक युक्ती केली. नात्यातल्या सहा यंत्रांवर, त्यात आईचा संगणकही आला, माझा एक प्रोग्राम बसवला. हिरव्या पानाचं चित्र असलेला. त्यातून मला दुकानात बसून त्यांच्या पडद्यावर जाता यायचं. सगळ्यांना सांगून ठेवलं, रविवारी सकाळी दहा ते अकरा यंत्र चालू ठेवा आणि हिरव्या पानाला हात लावू नका. त्या एका तासात मी सहाही यंत्रांची झाडलोट करायचे. हातासरशी आईला फोन लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि झाडता झाडता बोलायचं. मामांनी काय नवीन गोळा केलं, मावशी कुठे फसली. आई तिकडे हसायची. आठवड्यातून आई आणि मी एवढंच बोलायचो. एका रविवारी तेवढी दुकानाची वीज गेली आणि झाडलोट राहिली.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी भर दुपारी वहिनी दुकानात आली. आई दादाकडेच राहते, त्यामुळे वहिनीला घरातून निघायला कारण लागतं. तिने कापडी पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि दाराला आतून कडी घातली. हा लॅपटॉप त्यांच्या लग्नात मीच दिलेला.

"वन्सं, यात काहीतरी आहे," ती म्हणाली. मला वन्सं म्हणणं ही तिची जुनी थट्टा. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडावर थट्टेचं नाव नव्हतं.

"स्लो झालाय?"

"तोही झालाय. पण त्याच्यासाठी नाही आले. मी कुठे जाणार, हे घरात माझ्याआधी कळतं."

मग तिने जे सांगितलं ते मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. वहिनी लग्नाआधी एका वास्तुरचनाकाराकडे इमारतींचे नकाशे काढायची. हात असा की रेघ पट्टीला लाजवेल. मूल झालं, मग सासरे आजारी पडले, मग "आता कशाला", असं करत सात वर्षं गेली. गेल्या ऑगस्टमध्ये तिने कुणाला न सांगता एका ठिकाणी अर्ज केला. मुलाखतीच्या दिवसासाठी दादाने अचानक सगळ्यांची सहल ठरवली, गाडीसुद्धा सांगून ठेवली. डिसेंबरात पुन्हा केला. मुलाखतीच्या मंगळवारी सकाळी आईचे गुडघे असे काही धरले की तिला पलंगावरून उठवेना. बुधवारी सुटले.

"दोन्ही वेळा मी एका शब्दाने बोलले नव्हते," वहिनी म्हणाली. "फोनवर नाही, कागदावर नाही. जे काही होतं ते यातच. आता शनिवारी तिसरं पत्र आलंय. येत्या गुरुवारी अकरा वाजता. अजून घरात कुणी काही काढलेलं नाही, पण काढतील. हे हुकलं तर चौथं येणार नाही, वन्सं. त्यांनी आत्ताच विचारलंय, सात वर्षं काय करत होता म्हणून."

मला काही विचारावं लागलं नाही. दादाला मी पाळण्यापासून ओळखते, म्हणजे माझ्या पाळण्यापासून. शाळेत असताना माझी वही चोरून वाचायचा आणि वाचल्याच्या खुणा म्हणून पानांवर तेलकट बोटं सोडायचा. चोरी करायची हौस दांडगी आणि लपवायची अक्कल शून्य.

"बस," मी म्हटलं. "तुझ्यासमोर काढते."

लॅपटॉप उघडून आतली यादी काढली आणि दोन मिनिटांत तो सापडला. 'कुटुंबरक्षक' असं नाव. पडद्यावर चित्र नाही, कुठे खूण नाही; रविवारी बोलता बोलता मी वरवरच झाडायचे, म्हणून इतके दिवस सुटला होता. हा प्रोग्राम काय करतो, तर माणसाने टंकलेलं प्रत्येक अक्षर टिपतो आणि दुसऱ्याला पाठवतो. रक्षक म्हणे.

"हे बघ तुझ्या नवऱ्याचं शौर्य," मी म्हटलं.

वहिनीने पाहिलं. पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मी काढायला घेतला तर त्याने पासवर्ड मागितला. दादाने आयुष्यात एकच पासवर्ड वापरला आहे. आठवीत त्याच्या सायकलच्या कुलपाला जो आकडा होता तोच बँकेला, तोच फोनला. मी चार आकडे टाकले आणि दार उघडलं. कुणावर पाळत ठेवायला निघालेल्या माणसाने निदान आकडा तरी बदलावा. पण त्यासाठी सायकल बदलल्याचं लक्षात असायला हवं.

प्रोग्राम काढला. लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा हजर. हे मला अपेक्षितच होतं. वेळापत्रक उघडलं, तिथे 'अद्ययावत' अशा सोज्वळ नावाखाली त्याचं काम लावलेलं होतं. ते काढलं. नोंदवहीतल्या चार ओळी काढल्या. हे सगळं करताना माझी जीभ चालूच होती. दादाच्या लहानपणापासूनचे सगळे पराक्रम मी वहिनीला ऐकवले. तो कधीही काही धड लपवू शकला नाही, धड शिकू शकला नाही आणि तरी घरात त्याचाच शब्द चालतो, कारण आईला तो रडताना बघवत नाही. वहिनी ऐकत होती. मला वाटलं, तिला बरं वाटत असेल.

शेवटी राहिलं उष्टं, म्हणजे मागे उरलेलं फोल्डर. पुसण्याआधी मी ते उघडलं. काय काय टिपलंय ते तिला दाखवावं, पुरावा हातात असावा, एवढाच हेतू. आत चौदा फायली निघाल्या. चौदा दिवसांच्या. पंधरावी नव्हती.

मी तारखा पाहिल्या. मग नोंद पाहिली. दादाने हे पाळतीचं यंत्र दोन वर्षांपूर्वी फुकटच्या मुदतीवर घेतलं होतं. पंधराव्या दिवशी त्याने 'विकत घ्या' असं म्हटलं, आणि दादाने काय केलं असेल? पडद्यावरचं चित्र पुसलं. झालं. तेव्हापासून हे मढं आत पडून होतं. रोज उठायचं, पैसे मागायचं, कुणाला दिसायचं नाही, आणि लॅपटॉप तेवढा स्लो करायचं. त्या चौदा फायलींत होतं काय, तर मुलाच्या शाळेला लिहिलेले रजेचे अर्ज आणि वीजमंडळाला केलेली तक्रार.

"म्हणजे हे वाचत नव्हते?" वहिनीने विचारलं.

"वाचायचं होतं त्याला. जमलं नाही."

"ऑगस्टमध्ये नाही? डिसेंबरात नाही?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

अडलं की मी काम करते. लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी मी उघडली आणि एकेक तपासत खाली आले. छपाईयंत्राचा एक, आवाजाचा एक, मुलाच्या खेळाचे दोन उरलेले तुकडे. ते काढले.

वहिनीने यादीच्या शेवटी बोट ठेवलं. "आणि हे?"

हिरवं पान.

"ते माझं आहे. ते राहू दे."

"ते काय करतं?"

"मी रविवारी येते ना, ती त्यातून."

"त्यातून तुम्हाला काय दिसतं?"

"सगळं," मी म्हटलं. आणि हे मी अभिमानाने म्हटलं. ज्या सुरात मी गिऱ्हाइकांना सांगते, माझ्या नजरेतून काही सुटत नाही, अगदी त्याच सुरात.

वहिनीने बोट उचललं नाही. बाहेर कुणीतरी दुकानाचं दार ढकलून पाहिलं आणि बंद आहे समजून गेलं.

मग मला ऑगस्टमधला तो रविवार आठवला. वहिनी रविवारी सकाळी बाजारात जाते, लॅपटॉप चालू ठेवून, कारण मीच तसं बजावलेलं. पडद्यावर तिचा अर्ज उघडाच होता, त्याखाली मुलाखतीची तारीख कळवणारं उत्तर. मी तो वाचला. आणि आईला म्हटलं, अगं, वहिनीने नोकरीचा अर्ज काय झकास लिहिलाय, मला सात जन्मांत जमणार नाही. दोन ओळी वाचूनसुद्धा दाखवल्या, आणि तारीखही. आई तेव्हा हसली नव्हती. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. डिसेंबरात काय म्हटलं होतं? मंगळवारी वहिनीचं कुठेतरी बोलावणं दिसतंय. एवढंच. मामांच्या पट्ट्या आणि मावशीची हवामानाची भानगड, या दोहोंच्या मधे, तोंडी लावायला.

म्हणजे तासभर मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते. दादा संन्यासी नव्हता हे खरं. त्याचा चोरीचा इरादा पक्का होता, फक्त त्याला ती येत नव्हती. मला येत होती, आणि मी तिला मदत म्हणत होते.

"वहिनी," मी म्हटलं, "मी सांगितलं आईला."

तिने यादीवरचं बोट आता उचललं.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. मुद्दाम नाही. कौतुक म्हणून सांगितलं."

हे शेवटचं वाक्य बोलताना मला माझीच किळस आली. गिऱ्हाईक म्हणतं ना, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं, तसलंच ते.

वहिनी रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "हे मला सांगत होते, आईंनी सांगितलं म्हणून. मला वाटलं, स्वतःचं पाप आईंवर ढकलतायत. आठ महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही." थोडं थांबून म्हणाली, "सहल त्यांनीच ठरवली होती, ते सोडा. पण खोटं बोलत नव्हते."

"हो."

"हेही काढा."

"वहिनी, मी यापुढे काही बघणार नाही. पण उद्या काही बिघडलं तर मला आत येऊन..."

"बिघडलं तर पिशवीत घालून आणीन. आत्ता आणला तसा."

मी माझाच प्रोग्राम काढायला घेतला. त्याने विचारलं, नक्की काढायचा? हो म्हटलं. निघाला. आणि दिमाखात सांगून गेला की काही फायली मागे राहिल्या आहेत. एकवीस वर्षं मी ज्या उष्ट्याच्या नावाने खडे फोडत आले ते माझंही होतं, आणि दादापेक्षा कितीतरी जास्त. त्याच्या चौदा फायली. माझं प्रत्येक रविवारी आपोआप काढलेलं पडद्याचं चित्र, वर्षानुवर्षांचं. वहिनी शेजारीच बसली होती. मी ऑगस्टमधलं चित्र उघडू नये असं मला फार वाटत होतं. तिने तारीख सांगितली, मी उघडलं. अर्ज पडदाभर होता. अक्षर दुपटीने मोठं केलेलं होतं. मीच केलं होतं, चष्मा घरी राहिला होता म्हणून. चुकून नजर पडली असं म्हणायची सोयही मी स्वतःला ठेवली नव्हती.

सगळी चित्रं पुसली. वेळापत्रक पुसलं. नोंदवहीतल्या ओळी पुसल्या. मग उरलं ते एकच, जे वहिनीला कधीच दिसलं नसतं. लॅपटॉप दिला तेव्हा मी त्यात माझ्यासाठी एक लपवलेलं खातं ठेवलं होतं. प्रोग्राम गेला तरी त्या वाटेने मला केव्हाही परत शिरता आलं असतं. जगात कुणाला पत्ता लागला नसता. दादाला तर नाहीच नाही.

तिथे माझा हात थांबला. मनात लगेच कारणांची रांग लागली. तिच्या नकाशांच्या फायली गेल्या तर? तिने भलतंच काही घेतलं तर? दादाने अक्कल पाजळली तर? सगळी कारणं गोंडस, आणि सगळी खोटी. खरं कारण असं की रविवारी दहा वाजता आईला सांगायला माझ्याकडे माझं स्वतःचं काहीच नसतं. दुसऱ्यांच्या घरातला कचरा काढला की आई माझ्याशी तासभर बोलते. ही वाट बंद झाली की सहातलं सगळ्यांत चवीचं घर गेलं.

"अजून काही राहिलंय?" वहिनीने विचारलं. तिला काही दिसलं नव्हतं. ती फक्त विचारत होती.

"एक राहिलंय," मी म्हटलं, आणि ते खातं तिला दाखवून पुसलं.

नंतर मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि तिला म्हटलं, आता तुझा पासवर्ड घाल. समोर माझीच पाटी होती. काढायचं तर मुळासकट. मागे बटणांचा आवाज येत होता. मला सवयीने अक्षरं मोजू लागल्यासारखं झालं तेव्हा मी टेबलावरचा पंखा मोठा केला.

जाताना ती म्हणाली, "येते, वन्सं." गुरुवारचं तिने पुन्हा काढलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दहा वाजता मी यादी उघडली. सहाच्या जागी पाच. आईचा फोन मी लावायच्या आधीच आला.

"मामाचं राहू दे आज," आई म्हणाली. "ही गुरुवारी सकाळी नवी साडी नेसून गेली ती दुपारी आली. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणते, काम होतं. तुझ्या दादालाही काही माहीत नाही, तो आपला गप्प. तुला ठाऊक असेल. बघ बरं जरा तिच्या त्यात."

"मला नाही ठाऊक, आई."

"अगं, बघ म्हणजे कळेल."

"मला बघता येत नाही आता. काढून टाकलं मी ते."

मग आई म्हणाली, "मग तुझा उपयोग काय?"

ती रागाने बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं होतं. बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि यादीत वरून पहिलं नाव आईचं होतं, तिथून हिरवं पान काढायला सुरुवात केली.